एमएसयूडीच्या बाळाचा फॉर्म्युला विमा कंपनीनं 'बेबी फूड' म्हणून कापला. पुढं काय करायचं?

उपकेंद्र_केळापूर (प्रश्न)

नमस्कार. पांढरकवड्याकडच्या एका कुटुंबासाठी विचारतो आहे. बाळ सात महिन्यांचं, वजन ७ किलो. रक्ताच्या टीएमएस तपासणीत ल्युसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) खूप वाढलेलं होतं, नंतर लघवीच्या जीसीएमएस तपासणीनं निदान पक्कं झालं: एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज), म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलीन शरीराला मोडता न येण्याचा आनुवंशिक आजार. लंगोटाला मेथीसारखा वास येतो, हे आजीनं आधीच सांगितलं होतं. बाळ नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात ११ दिवस भरती होतं, पहिले काही दिवस नाकातल्या नळीनं दूध चालू होतं.

वडील बुटीबोरीत कामाला आहेत. कंपनीचा ग्रुप विमा ३ लाखांचा, बाळाचं नाव पहिल्याच महिन्यात चढवलेलं. भरतीचं बिल मंजूर झालं, पण त्यातले ल्युसिन नसलेल्या फॉर्म्युल्याचे ४ डबे 'बेबी फूड, देय नाही' म्हणून कापले. सुट्टीनंतर घेतलेल्या ६ डब्यांचं बिल 'आहारपूरक पदार्थ' असा शेरा मारून परत पाठवलं. विमावाले म्हणून राहिले की हे अन्न आहे, औषध नाही. घरी केशरी कार्ड आहे, महात्मा फुले योजनेत नाव निघतं.

विचारायचं हे: कापलेले पैसे परत मिळतात का? महात्मा फुलेमधून डबा मिळतो का? आणि हे तर आयुष्यभराचं आहे, मग दर महिन्याचा डबा आणायचा कुठून? वरचं खाणं सुरू करायची वेळ आली आहे, घरात ज्वारी आणि तूर. त्याबद्दलही सांगा.

---

दावा_तपासणी

दादा, दोन्ही कपातींची कारणं वेगळी आहेत. एकाच पत्रात दोन्ही घातल्या तर दोन्ही अडकतील.

आधी ४ डबे घ्या. विमा नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची, न देण्याच्या ६८ वस्तूंची एक यादी आहे. तिच्यातली पहिलीच वस्तू 'बेबी फूड'. टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, बिल गेलं की एकेक ओळ त्या यादीशी ताडून बघतात. फार्मसीनं नुसतं 'इन्फंट फॉर्म्युला ४०० ग्रॅम' छापलेलं असेल तर तपासणारा डॉक्टर पुढं वाचतही नाही. पण त्याच यादीत खाण्याच्या खर्चाची जी ओळ आहे, तिला अपवाद आहे: दवाखान्यानं रुग्णाला दिलेला आहार त्यात धरायचा नाही. दुसरं म्हणजे पॉलिसीतली वगळणूक क्रमांक १४ उघडा, 'एक्सक्लुजन कोड १४' असं छापलेलं असतं. चिठ्ठीशिवाय मिळणारे आहारपूरक पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं तिथं वगळली आहेत. मात्र भरतीच्या किंवा डे-केअरच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरनं लिहून दिली असतील तर ती वगळता येत नाहीत. तुमचे ४ डबे सरळ इथं बसतात.

तिसरा आधार २०१९ च्या नियमांचा आहे. पॉलिसीत कोणत्या वगळणुकी घालायच्याच नाहीत, याची यादी त्यात आहे. आनुवंशिक आजार त्या यादीत आहेत, आणि मुख्यतः नळीनं पोषण देण्यासाठी झालेल्या भरतीचा खर्चही आहे. बाळ नळीवर होतं असं तुम्ही लिहिलंच आहे. नर्सिंगच्या नोंदींची प्रत मागून घ्या, किती मिली, किती वाजता, कोणता फॉर्म्युला, हे सगळं तिच्यात असतं. बिलापेक्षा तो कागद जास्त कामी येतो.

आता नंतरचे ६ डबे. बहुतेक पॉलिसींत सुट्टीनंतर ६० दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. तुमच्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते बघा. हे बिल नवा दावा म्हणून टाकलं असेल तर ते ओपीडीचा खर्च ठरून परत येणारच. जुन्याच दाव्याचा क्रमांक घालून 'भरतीनंतरचा खर्च' म्हणून पुन्हा सादर करा. मुदतीच्या आत घेतलेले डबेच त्यात घाला, बाहेरचे घुसवू नका.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'स्पेशल फॉर्म्युला चालू ठेवा' असेल तर दवाखान्याकडून दुरुस्त प्रत घ्या. त्यावर आजाराचं पूर्ण नाव आणि आयसीडी कोड ई७१.०, फॉर्म्युल्याचं पूर्ण नाव, रोजचे ग्रॅम, किती दिवस, आणि न दिल्यास काय होईल (ल्युसिन चढतं, मेंदूला सूज येते, जीव जातो) हे स्पष्ट हवं. डब्याच्या लेबलचा फोटो जोडा. 'फूड फॉर स्पेशल मेडिकल पर्पज' हे शब्द आणि केवळ वैद्यकीय सल्ल्यानंच वापरण्याची सूचना लेबलवर असते, आणि 'बेबी फूड'ला तेच सगळ्यात थेट उत्तर आहे. बिलावर बॅच क्रमांक असू द्या.

कोणी म्हणेल की दुकानदाराला सांगून डब्याच्या जागी एखाद्या औषधाचं नाव टाकून घ्या. अजिबात करू नका. बनावट बिल सापडलं तर आजवर मंजूर झालेला दावाही वसूल करतात, आणि या बाळाला पुढं पुष्कळ भरत्या लागू शकतात.

अर्ज आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर 'बिमा भरोसा' पोर्टल, नंतर विमा लोकपाल. विदर्भाचं काम पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडं आहे. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा तिथं होतो.

एचआरला दोन गोष्टी विचारा. ग्रुप पॉलिसीत 'कॉर्पोरेट बफर' (सगळ्या कामगारांसाठी राखलेली जादा रक्कम) आहे का, आणि पुढच्या नूतनीकरणात या ६८ वस्तूंचं संरक्षण देणारी 'कन्झ्युमेबल्स'ची जोड घेता येईल का. ग्रुप विम्यात सहसा आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून वडील नोकरी सोडणार असतील तर सोडण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज द्यायचा, आणि त्यात आजार स्पष्ट लिहायचा. लपवलेला आजार पाच वर्षांच्या आत उघड झाला तर दावा बुडतो.

६० दिवसांनंतरच्या डब्यांसाठी मात्र विम्याच्या मागे शक्ती घालवू नका. आपल्याकडचा आरोग्यविमा भरतीभोवती बांधलेला आहे. रोजचा डबा दुसऱ्या वाटेनंच आणावा लागेल.

---

औषधनिर्माता_वणी

ती दुसरी वाट सांगतो.

आधी महात्मा फुले. आता ती योजना केशरी-पिवळं न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण तिचे पॅकेज भरतीचे आहेत. बाळ बिघडलं, आयसीयूत ठेवावं लागलं, तर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा, अडचण आली तर १५५३८८ वर फोन करा. घरच्या डब्याला पॅकेज नाही. आणि एकाच बिलासाठी योजना आणि ग्रुप विमा दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

डब्यासाठी खरी जागा म्हणजे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१. त्यात आजारांचे गट आहेत. गट २ (अ) हा खास वैद्यकीय आहारावर सांभाळल्या जाणाऱ्या आजारांचाच गट आहे: पीकेयू, एमएसयूडी, होमोसिस्टिनुरिया, युरिया सायकलचे दोष, ग्लुटारिक, मिथाइलमॅलोनिक, प्रोपिओनिक आणि आयसोव्हॅलेरिक अॅसिडिमिया, गॅलॅक्टोसेमिया. तुमच्या बाळाचा आजार नावानिशी यादीत आहे. अर्जात 'गट २ (अ)' हे शब्द लिहाच, टेबलावरच्या माणसाचं काम सोपं होतं. २०२२ च्या मे महिन्यातल्या बदलानंतर कोणत्याही गटातल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ही रक्कम कुटुंबाच्या खात्यात येत नाही. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्राकडं येते, आणि केंद्र डबे खरेदी करून देतं.

महाराष्ट्राचं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय. पण केळापूरकरांनी नकाशा बघावा: हैदराबादलाही केंद्र आहे, सीडीएफडी ही जनुकीय संस्था आणि निम्स रुग्णालय मिळून. पांढरकवडा ४४ नंबरच्या हायवेवर, वर गेलं की नागपूर, खाली गेलं की हैदराबाद. दर दोन-तीन महिन्यांनी बाळ घेऊन मुंबईला जाण्यापेक्षा ते कितीतरी सोयीचं. एकाच केंद्रात नोंदणी करा, दोन ठिकाणी केली की फाइल रेंगाळते. सोबत न्यायचं: टीएमएस आणि जीसीएमएसचे मूळ अहवाल, जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला, आईवडिलांचे आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, आणि आहारतज्ज्ञाचा महिन्याच्या डब्यांचा लेखी हिशोब. तो हिशोब नसल्यामुळंच बहुतेक चकरा वाढतात.

मंजुरीला वेळ लागतो, तोवर डबा विकत घ्यावा लागेल. परदेशातून स्वतःसाठी मागवत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून या धोरणातल्या आजारांसाठीच्या औषधांवर आणि खास वैद्यकीय आहारावर मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा आरोग्यसेवा संचालक यांचं प्रमाणपत्र लागतं. त्याच वर्षी जुलैत जीएसटी परिषदेनं व्यक्तिगत वापरासाठी आयात केलेल्या अशा आहारावरचा आयजीएसटीही (आयातीवरचा जीएसटी) माफ केला. प्रमाणपत्रावर डब्याचं नाव, संख्या आणि किती महिन्यांसाठी हे लिहून घ्या. संख्या नसलेलं प्रमाणपत्र कस्टमवाले परत पाठवतात, आणि माल तिथं अडकून पडला की त्याचं भाडंही चढतं. आयातदाराकडून घेत असाल तर ही माफी आपोआप तुमच्या बिलात दिसेल असं नाही, त्याला आधी विचारा. भारतातही असे फॉर्म्युले बनतात. केंद्राच्या डॉक्टरनं हो म्हटलं तर आधी तेच बघा, वाट बघण्याचे दिवस वाचतात.

---

भाग्यश्री_डीईआयसी

एक जोड. उशिरा निदान झालेल्या एखाद्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आलं असेल आणि तसं प्रमाणपत्र असेल, तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना बघा. वर्षाला १ लाखाचं संरक्षण, नोंदणी दारिद्र्यरेषेखाली २५० रुपये, वर ५००. आधीचा आजार आडवा येत नाही आणि ओपीडीचाही खर्च त्यात धरतात. या बाळाला ती लागू नये हीच इच्छा, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला कामी येईल.

---

आहार_सेवाग्राम

आता डब्यांचा हिशोब कसा लिहायचा ते दाखवते, कारण तोच कागद विम्याला, केंद्राला आणि कस्टमला लागणार आहे. हा नमुना आहे. ल्युसिनची मर्यादा बाळाच्या रक्तावरून डॉक्टरच ठरवतील.

वजन ७ किलो. एकूण प्रथिनं किलोमागे २.५ ग्रॅम धरली तर दिवसाला १७.५ ग्रॅम. समजा डॉक्टरनं ल्युसिन ३५० मिलिग्रॅम ठरवलं. आईच्या १०० मिली दुधात सुमारे १०० मिलिग्रॅम ल्युसिन आणि १.१ ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे आईचं दूध जास्तीत जास्त ३५० मिली, त्यातून प्रथिन ३.९ ग्रॅम. उरले १३.६ ग्रॅम. बाळांच्या फॉर्म्युल्यात १०० ग्रॅम पावडरीमागे साधारण १३ ग्रॅम प्रथिनांश असतो (डब्यावर बघा), म्हणून रोज सुमारे १०५ ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला ८ डबे. त्यावर एक महिन्याचा साठा जास्तीचा मागा, पुरवठा खंडित झाला की बाळ दोन दिवसांत भरतीला येतं. वजन वाढलं की हिशोब बदलतो, म्हणून दर महिन्याला नवा कागद, तारीख आणि सही.

वरचं खाणं सुरू केलं की त्यातलं ल्युसिन आईच्या दुधाच्या वाट्यातून वजा करायचं. इथं ज्वारी घात करते, आणि हे आपल्या भागात सांगावंच लागतं. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन इतर धान्यांपेक्षा खूप जास्त असतं. ३० ग्रॅम पिठाच्या एवढ्याशा भाकरीत ३८० मिलिग्रॅमच्या आसपास ल्युसिन जातं, म्हणजे वरच्या हिशोबातला सगळ्या दिवसाचा वाटा संपून वर उरलं. तेवढ्याच कच्च्या तांदळात साधारण १९० मिलिग्रॅम. २० ग्रॅम तुरीच्या डाळीत ३०० च्या वर. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, म्हणून साबुदाण्याची पातळ खीर पाण्यात शिजवून, साखर आणि एक चमचा तेल घालून, पोटभरीला उत्तम. शेंगदाण्याचं कूट अर्थातच नाही. सफरचंद, पपई, भोपळा, थोडं रताळं चालतं, मोजून.

मोजायला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. एका डब्याचा चमचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात वापरायचा नाही, मापं वेगळी असतात. फॉर्म्युला दिवसातून एकदाच देऊन टाकायचा नाही. चार-पाच वेळा वाटून, आईच्या मोजलेल्या दुधासोबत द्यायचा, नाहीतर अमिनो आम्लं शरीर बांधायला न वापरता जाळली जातात.

घरचे सहसा दोन बाजूंनी चुकतात. एक म्हणजे माया: बाळ बारीक दिसतं म्हणून आजी वाटीभर म्हशीचं दूध पाजते. ५० मिलीतच २०० मिलिग्रॅमच्या आसपास ल्युसिन असतं. दुसरी चूक भीतीची: ल्युसिन विष आहे असं ऐकून आईचं दूधच बंद करतात. तेही बाळाला लागतंच. फार कमी पडलं की शरीर स्वतःचं स्नायू मोडतं आणि रक्तातलं ल्युसिन उलट चढतं. आयसोल्युसिन आणि व्हॅलीन ही दोन अमिनो आम्लं वेगळी लिहून दिलेली असतील, ती संपली म्हणून थांबवू नका. ती कमी पडली तर ल्युसिन खाली येत नाही, आणि लंगोटाच्या जागी, तोंडाभोवती लाल सोललेले चट्टे येतात. त्याला जस्ताची कमतरता समजून नुसतं मलम लावत बसतात.

अंगणवाडीच्या घरपोच आहारात कडधान्य, सोया असतं. सेविकाताईंना आधीच भेटून सांगा आणि नोंदवहीत लिहून घ्या, म्हणजे वजन भरताना कोणी आग्रह करणार नाही.

---

उपकेंद्र_केळापूर

ज्वारीचं हे माहीतच नव्हतं, उद्याच घरी जाऊन सांगतो. अजून एक, ताप-जुलाब झाले तर आमच्याकडं काय करायचं? नागपूरला पोचायला तीन तास. आणि रक्ताची पातळी बघायला दर वेळी न्यावंच लागेल का?

---

बालरोग_यवतमाळ

पातळीसाठी न्यायची गरज नाही. गाळणकागदाच्या कार्डावर टाचेचं रक्त घ्या, गोल पूर्ण भरू द्या, आडवं ठेवून सावलीत ३-४ तास वाळवा, उन्हात किंवा पंख्याखाली नको. ओलं कार्ड प्लास्टिकमध्ये घातलं की नमुना वाया गेला. वाळल्यावर कागदी पाकिटात घालून पाठवा. मे महिन्यात शुक्रवारी पोस्टात टाकू नका, दोन दिवस तापत पडून राहतं. पाच वर्षांच्या आत ल्युसिन ७५ ते २०० मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये ठेवायचं असतं.

ताप, उलटी, जुलाब, किंवा लस दिल्यानंतरचा ताप: आईचं दूध आणि बाकी सगळं नैसर्गिक प्रथिन २४ ते ४८ तास थांबवा, फॉर्म्युला आणि ती दोन अमिनो आम्लं चालू ठेवा, त्यात डॉक्टरनं सांगितलेलं ग्लुकोज पॉलिमर (उष्मांकासाठीची पिष्टमय पावडर) वाढवा. नुसत्या ओआरएसवर ठेवू नका, त्यात उष्मांक पुरेसे नाहीत. ४८ तासांपलीकडे प्रथिन बंद ठेवायचं नाही. लस मात्र एकही चुकवू नका.

दोनदा उलटी झाली, बाळ सुस्त पडलं किंवा वास वाढला तर वाट बघायची नाही. ग्रामीण रुग्णालयात १० टक्के डेक्स्ट्रोज नसेल तर ७५ मिली डीएनएसमध्ये (५ टक्के डेक्स्ट्रोज आणि मीठ असलेलं सलाइन) २५ मिली २५ टक्के डेक्स्ट्रोज मिसळलं की ग्लुकोज १० टक्के होतं आणि मीठही राहतं. मीठ कमी असलेलं सलाइन या बाळाला लावू नका, मेंदूची सूज वाढते. नेहमीच्या गरजेच्या दीडपट वेगानं सुरू करा, साखर तपासत राहा, आणि मग १०८ नं पाठवा. हे सगळं केंद्राच्या डॉक्टरकडून एका पानावर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. एक प्रत बाळाच्या पिशवीत, एक तुमच्या उपकेंद्रात, एक ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात कक्षात. भरती झाली की तेच पान दाव्यालाही जोडा, त्यावर फॉर्म्युला उपचार म्हणून लिहिलेला असतो.

---

आहार_सेवाग्राम

उन्हाळ्याचं राहिलं. डबा चुलीपासून आणि पत्र्याच्या छताखालून हलवा, आतल्या खोलीत जमिनीजवळ कोरड्या जागी ठेवा. माठाच्या ओल्या वाळूत नको. पाणी उकळून गार केलेलं वापरा, कढत पाण्यात पावडर टाकली की जीवनसत्त्वं जातात. कालवलेलं दूध फ्रीज असेल तरच साठवा, वीज गेली असेल तर दर वेळी ताजं करा. डबा उघडल्याची तारीख झाकणावर पेनानं लिहा, आणि रिकामे डबे टाकू नका. लेबल आणि बॅच क्रमांक दाव्याला लागतात.